कुंपणच शेत खाते तेव्हा : क्रॉफर्ड प्रकरणाची हकिकत

मुंबईस गेलेला खेड्यातला माणूस परतताना क्रॉफर्ड मार्केटात एक फेरी मारल्यावाचून सहसा राहत नाही. पुण्यास गेलेला माणूस तसाच मंडईत डोकावतो. मुंबईची ती बाजाराची इमारत १८६९ साली पुरी झाली आणि शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. पुण्याची दगडी मंडई १८८६ साली उघडली आणि मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. दोन साहेब आणि दोन मंडया. पुण्याची मंडई उघडून दोन वर्षे होतात न होतात तोच हे दोन साहेब एकमेकांसमोर उभे ठाकले. क्रॉफर्डसाहेब आरोपी होते आणि त्यांच्या चौकशीचा हुकूम रेसाहेबांनी दिला होता. १८८८ सालचे हे ‘क्रॉफर्ड प्रकरण’ एके काळी महाराष्ट्रात घरोघर बोलले जात होते. आज ते इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींपुरते उरले आहे.

ते पुन्हा सांगावेसे वाटते याला कारण आहे. कचेरीत, सोसायटीत, कारखान्यात कोणी नोकर पैसे खातो असा संशय आला, तर चौकशी करायची कशी, हा प्रश्न जुना आहे. त्याहून अवघड प्रश्न असा की, ज्याला आतली गोष्ट ठाऊक आहे त्याने बोलावे कशाच्या भरवशावर? क्रॉफर्ड प्रकरणात हे दोन्ही प्रश्न अगदी उघड्यावर आले. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना सरकारचीच जीभ अडखळली.

आधी क्रॉफर्ड यांची ओळख करून घेऊ. हा माणूस काही सामान्य नव्हता. १८६५ साली मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा नवा कायदा झाला आणि कारभाराची सारी सूत्रे एका कमिशनरच्या हाती आली. ती जागा क्रॉफर्डना मिळाली. त्या वेळची मुंबई म्हणजे घाण, तुंबलेली गटारे आणि पटकीच्या साथी. क्रॉफर्डनी झपाट्याने कामे काढली. रस्ते, नळ, बाजार, सफाई, कशालाच कमी केले नाही. पण पैसाही तसाच पाण्यासारखा वाहिला. करदात्यांनी खर्चाबद्दल ओरड केली आणि १८७१ साली त्यांना ती जागा सोडावी लागली. तरुण फिरोजशहा मेहतांनी त्या गडबडीत त्यांच्या कामाची बाजू घेतली होती, हेही सांगितले पाहिजे. कर्तबगार माणूस आणि सैल हात, हे मिश्रण आपल्याला गावोगाव भेटते. अशा माणसाच्या कामाने आपण दिपून जातो आणि हिशेब विचारायचे राहून जाते.

पुढे हेच क्रॉफर्ड पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर होऊन आले. पुणे, सातारा, अहमदनगर असे मोठमोठे जिल्हे त्यांच्या हाताखाली. त्या जिल्ह्यांतल्या मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्यांच्या शब्दावर होत. साहेबांची राहणी खर्चाची होती, आणि ते कर्जात बुडालेले होते. कर्जबाजारी माणसाच्या हाती दुसऱ्याच्या पोटापाण्याची किल्ली असली म्हणजे काय होऊ शकते, हे निराळे सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, मामलेदाराच्या बदलीशी आमचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. मामलेदार म्हणजे तालुक्याचा मालकच जणू. जमिनीचा वसूल त्याच्याकडे, तालुक्याची तिजोरी त्याच्याकडे, मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटले त्याच्यापुढे. १८७६ च्या कायद्याने जमिनीच्या ताब्याचे आणि पाण्याच्या वहिवाटीचे तंटेही त्याच्याच कोर्टात चालत. बांधावरून भांडण झाले तरी शेतकऱ्याला त्याच्याच दारात उभे राहावे लागे. असा अधिकारी जर पैसे मोजून तालुक्यात आला, तर तो मोजलेले पैसे कोणाकडून वसूल करील? त्याचा पगार तर ठरलेला. म्हणजे कमिशनरच्या बंगल्यावर पोहोचलेल्या पैशाचा शेवटचा हप्ता कुठल्यातरी गरीब कुणब्याच्या कनवटीतून जायचा.

ही रीत इंग्रजांनीच आणली असे मात्र कोणी समजू नये. आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना हा रोग पुरता ठाऊक होता आणि त्याचे औषधही त्यांनी शोधले होते. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी ठेवलेले असत. एकट्याच्या हाती किल्ला द्यायचा नाही, हा त्यातला हेतू. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार असत. रोकड पोतनिसाने सांभाळायची, हिशेब फडणिसाने लिहायचा, तपासणी मुजुमदाराने करायची. मुख्य गोष्ट अशी की, या दरकदारांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्यांचे हात वरपर्यंत पोहोचलेले असत. मामलेदाराने गडबड केली तर ती कोणाच्या तरी लेखणीखालून जाणारच. आज आपण ज्याला हिशेबतपासणी म्हणतो तिची ही जुनी देशी घडण.

पण औषध असले तरी पथ्य पाळावे लागते. उत्तर पेशवाईत ‘अंतस्थ’ नावाचा प्रकार बोकाळला. अंतस्थ म्हणजे आतल्या अंगाने द्यायचा पैसा. त्याला दरबारखर्च असे गोंडस नावही होते. दुसऱ्या बाजीरावाने तर मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली करील त्याला मामलत. मग मामलेदार रयतेला पिळून काढणार नाही तर काय करील? पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी पगारी मामलेदार नेमले, तेव्हा लोकांना हायसे वाटले होते. आता जागा विकत मिळणार नाही, असा समज झाला होता. त्यानंतर सत्तर वर्षांनी पुण्यातच जागांच्या सौद्याची बोलवा उठली, म्हणून लोकांचा संताप झाला.

सौदा होई कसा? क्रॉफर्ड यांच्या नावाने पैसे घेणारा माणूस म्हणून हणमंतराव जहागीरदार यांचे नाव पुढे आले. अमक्या तालुक्याची बदली हवी, बढती हवी, लांबच्या वाईट हवेच्या जागेवरची बदली टाळायची आहे, तर हणमंतरावांना भेटा, अशी वदंता. अशा व्यवहारात मोठ्या माणसाचा हात कधी पुढे येत नाही. मध्ये एक माणूस असतो. तो घेतो, तो पोहोचवतो, किंवा पोहोचवतो असे सांगतो. त्याची पावती नसते, नोंद नसते, देणाराही बोलत नाही. देणारा बोलला तर आधी तोच गुन्हेगार ठरतो.

कुणकुण बरीच दिवस होती. पण कमिशनरविरुद्ध बोलणार कोण? लॉर्ड रे यांच्या सरकारने अखेर हे काम अंगावर घेतले. पोलिसांचे इन्स्पेक्टर-जनरल ओमॅनी यांच्याकडे तपास सोपवला. आणि तपास सुरू होताच तीच अडचण समोर आली. पैसे दिल्याचे ज्यांना ठाऊक होते ते मामलेदारच होते. त्यांनी तोंड उघडावे तर लाच दिल्याचा गुन्हा त्यांच्याच तोंडून कबूल होणार. नोकरी जाणार, अब्रू जाणार, कदाचित तुरुंगही पाहावा लागणार. अशा स्थितीत कोणता शहाणा मनुष्य साक्ष देईल?

म्हणून सरकारने एक शब्द दिला. जो मामलेदार पुढे येऊन खरी हकिकत सांगेल त्याच्यावर खटला होणार नाही, आणि खात्याकडूनही त्याला शिक्षा किंवा तोटा होणार नाही. या अभयावर विसंबून मामलेदार एकामागून एक पुढे आले. इतके दिवस कुजबुजत सांगितलेल्या गोष्टी त्यांनी शपथेवर सांगितल्या. आपण स्वतः काय केले तेही सांगितले. चौकशीचे सारे घर या एका खांबावर उभे राहिले.

१८८८ साली क्रॉफर्डना कामावरून दूर करण्यात आले. हणमंतरावांवर खटला होऊन त्यांना कैदेची शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांच्यासाठी मात्र निराळी व्यवस्था झाली. सरकारी नोकरांच्या चौकशीचा १८५० सालचा सदतिसावा कायदा होता. त्याप्रमाणे पुण्यात आयोग बसला. कलकत्त्याच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन अध्यक्ष, आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे मुलकी नोकरीतले दोन अनुभवी अधिकारी सभासद. तिघेही मुंबई इलाख्याबाहेरचे. चौकशी करणाराचा आरोपीशी किंवा तक्रारदाराशी घरोबा असू नये, हे तत्त्व त्यात सांभाळलेले दिसते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या गावच्या सोसायटीत अफरातफर झाली म्हणजे चौकशी समितीत आपण बहुधा कोणाला घालतो? चेअरमनच्या मेहुण्याला!

आयोगापुढे साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. पुण्यात तर दुसरे बोलणेच नव्हते. येथे पुराव्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८७२ च्या आपल्या पुराव्याच्या कायद्यात गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीविषयी फार विचार करून ठेवलेला होता. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देता येते. पण असा माणूस स्वतःची कातडी वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेण्याचा संभव असतो, म्हणून त्याच्या बोलण्याला बाहेरून काही दुजोरा आहे का, हे न्यायाधीशाने पाहावे, असा सावधपणा त्यात होता. आता या प्रकरणात काय झाले पाहा. पैसे देणारे मामलेदार म्हणजे एका अर्थी साथीदार. शिवाय त्यांना अभय मिळालेले. पैसे पडले ते मधल्या माणसाच्या हातात. ते पुढे साहेबांच्या हातात पडले, हे डोळ्यांनी पाहिलेला आणि कागदाने सिद्ध करणारा साक्षीदार कुठे आहे? मध्यस्थाने साहेबांचे नाव सांगून स्वतःच खिसा भरला नाही, हे कशावरून?

अखेर आयोगाने निर्णय दिला. लाच घेतल्याच्या आरोपांतून क्रॉफर्डना आयोगाने मोकळे केले. मात्र आपल्याच विभागातल्या लोकांकडून, नियमाविरुद्ध, त्यांनी पैसे कर्जाऊ घेतले होते, ही गोष्ट शाबीत ठरली. मुंबई सरकारला आयोगाचे लाचेबद्दलचे मत पटले नाही. प्रकरण विलायतेस गेले आणि शेवटी क्रॉफर्ड यांना नोकरीतून काढण्यात आले. त्यांनी पुढे विलायतेत पुस्तके लिहिली. १८९४ साली एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी म्हणून एक, आणि १८९७ साली पुणे व दख्खन यांतील ‘आपल्या’ त्रासाविषयी दुसरे.

इतिहास सांगणाराने येथे न्यायाने बोलले पाहिजे. क्रॉफर्डनी लाच खाल्ली असे त्या काळच्या पुष्कळ लोकांना वाटत होते, आणि मुंबई सरकारलाही वाटत होते. पण चौकशी करणाऱ्या आयोगाने तसे म्हटले नाही. सिद्ध झाला तो कर्जाचा दोष. तो दोषही लहान नाही. ज्याच्या भाकरीवर आपली सत्ता चालते त्याच्याकडून उसने घेतलेला पैसा हा खरोखरी उसना कधी नसतो. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि परत मागता येत नाही. म्हणून वरच्याने हाताखालच्याकडून कर्ज घेऊ नये, हा नियम आजही सगळ्या सरकारी नोकऱ्यांत पाळायचा आहे.

गोष्ट येथे संपली असती तर ती एका साहेबाची गोष्ट झाली असती. पण तिचा खरा भाग आता सुरू होतो. क्रॉफर्ड लाचेच्या आरोपातून सुटले, आणि बोट वळले ते साक्षीदारांकडे. ज्या मामलेदारांनी शपथेवर सांगितले की आम्ही पैसे देऊन जागा मिळवली, ते अजून त्याच जागांवर बसलेले होते. मॅजिस्ट्रेट म्हणून दुसऱ्यांना शिक्षा ठोठावत होते. स्वतः लाच दिल्याचे कबूल करणारा मनुष्य न्यायाच्या खुर्चीवर कसा बसतो, असा सवाल निघाला. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत तो गेला. जागा विकण्या-घेण्याविरुद्ध १८०९ सालचा एक विलायती कायदा होता. त्याप्रमाणे जागा विकत घेणारा त्या जागेस नालायक ठरतो. मग मुंबई सरकारने कोणत्या अधिकाराने या लोकांना अभय दिले? मोठ्या कायद्याला मागे सारण्याची मुखत्यारी गव्हर्नरला होती काय?

आता मामलेदारांच्या बाजूने पाहा. त्यांना कोणी म्हटले होते, बोला? सरकारने. कोणी म्हटले होते, तुमचे वाकडे होणार नाही? सरकारने. त्यांनी स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडली ती सरकारच्या शब्दावर. काम झाल्यावर तोच शब्द फिरवायचा, म्हणजे केसाने गळा कापणेच झाले.

हा मुद्दा हाती घेऊन उभे राहिले ते बाळ गंगाधर टिळक. त्या वेळी त्यांचे वय तेहतीस. आगरकर बाजूला झाल्यानंतर ‘केसरी’ची सूत्रे त्यांच्याकडे आलेली होती. पुराव्याची किंमत काय असते हे टिळकांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रे छापली आणि ती बनावट निघाली, त्यापायी टिळक आणि आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात शंभरावर दिवस काढले होते. सत्ताधाऱ्याविरुद्ध आरोप करणाऱ्याची काय अवस्था होते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. १८८९ साली पुण्यात जाहीर सभा झाली, वर्तमानपत्रांतून लेख आले, विलायतेत मित्रांना पत्रे गेली. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, हे मामलेदार धुतल्या तांदळासारखे आहेत असे नाही. पण त्यांच्यातल्या पुष्कळांनी पैसे दिले ते वरच्याच्या धाकाने. आणि सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळलाच पाहिजे.

अखेर तडजोड निघाली. १८८९ साली हिंदुस्थान सरकारने खास कायदा करून या साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण दिले. नोकरीच्या बाबतीत मात्र दोन गट केले. ज्यांनी दडपणाखाली पैसे दिले त्यांना राहू दिले. ज्यांनी आपण होऊन, स्वतःच्या फायद्यासाठी दिले असे वाटले, त्यांच्यापैकी काहींना जावे लागले. म्हणजे शब्द अर्धा पाळला आणि अर्धा मोडला.

मी वर्गात हे प्रकरण शिकवतो तेव्हा मुले हटकून विचारतात, “सर, मग बरोबर कोण होते?” मला वाटते, दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता. लाच देऊन आलेल्या माणसाने न्याय करू नये, हे खरेच आहे. आणि साक्षीदाराला दिलेला शब्द मोडू नये, हेही तितकेच खरे. चूक झाली ती शब्द देताना. आपल्याला काय देता येते आणि काय येत नाही, याचा विचार सरकारने आधी केला नाही. खटला चालवणार नाही, एवढे म्हटले असते आणि त्याला कायद्याचा आधार आधीच घेतला असता, तर पुढचा पेच पडला नसता. पण तपासाची घाई होती. घाईत माणूस हातचे आणि पळत्याचे दोन्ही देऊन बसतो.

यात आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. या सगळ्या गदारोळात कमिशनर होते, गव्हर्नर होते, न्यायमूर्ती होते, मामलेदार होते, वर्तमानपत्रे होती. नव्हता तो फक्त शेतकरी. मामलेदाराने साहेबांच्या नावाने दिलेले पैसे शेवटी ज्याच्याकडून निघायचे, त्या रयतेला कोणी साक्षीला बोलावले नाही. त्याच पुण्यात तेव्हा जोतीराव फुले हयात होते. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी गावच्या कुळकर्ण्यापासून कचेरीतल्या कामगारांपर्यंत अडाणी शेतकऱ्याला कसे नाडले जाते, याचे चित्र काढून ठेवले होते. फुल्यांच्या नजरेने पाहिले तर मामलेदार हा नुसता धाकाला बळी पडलेला गरीब नोकर नव्हता. साहेबापुढे तो वाकला असेल, पण तालुक्यात तोच इतरांना वाकवत होता. टिळकांनी मामलेदारांची बाजू मांडली ती न्यायाचीच होती. फुल्यांनी ज्यांची बाजू मांडली त्यांच्यापर्यंत मात्र ही चौकशी पोहोचलीच नाही. पैसे खाल्ल्याची चौकशी करताना पैसे कोणी घेतले एवढेच पाहून भागत नाही. ते शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हेही पाहावे लागते.

आता जवळची गोष्ट सांगतो. माझ्या माहितीतले एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या सोसायटीत शेतकरी कर्जाचा भरणा करीत, सचिव पावती देई. मूळ पावतीवर पाच हजार, पण पुस्तकातल्या स्थळप्रतीवर पाचशे. कार्बन मध्ये घालायचाच नाही, ही युक्ती. किर्दीत पाचशेच चढायचे. खतावणी किर्दीवरून लिहिली जायची, म्हणून तीही जुळायची. हिशेब तपासणारा आला तरी त्याला कागद एकमेकांशी जुळलेलेच दिसायचे. ही लबाडी बाहेर पडली ती तिथे रोजंदारीवर लिखाण करणाऱ्या एका मुलामुळे. त्याने धीर करून पंचांना सांगितले. पंच म्हणाले, “तू घाबरू नकोस, तुला काही होऊ देणार नाही.” मग गावातल्या सभासदांच्या घरच्या पावत्या गोळा केल्या, स्थळप्रतींशी ताडून पाहिल्या, आणि चोरी उघडी पडली. सचिव गेला. पण आधी गेला तो हा मुलगा. “याने आधीच का सांगितले नाही? म्हणजे हाही सामील असणार,” असे कोणीतरी म्हणाले आणि पंच गप्प बसले. त्यानंतर त्या सोसायटीत काही गैर दिसले तर सांगायला कोणी पुढे येईल, असे तुम्हाला वाटते?

पुण्यात १८८९ साली जे घडले तेच या लहानशा गावात घडले. आकडा लहान, पण पेच तोच.

म्हणून या जुन्या प्रकरणातून घेण्यासारख्या गोष्टी मी साध्या शब्दांत सांगतो. पहिली गोष्ट, कागदाला कागद जुळतो एवढ्यावर समाधान मानू नये. कचेरीतला कागद कचेरीबाहेरच्या कागदाशी जुळवावा. सभासदाच्या हातची पावती, पासबुक, व्यापाऱ्याचे बिल, हे बाहेरचे पुरावे. पेशव्यांच्या मुजुमदाराचा उपयोग तोपर्यंतच होता, जोपर्यंत तो मामलेदाराच्या मुठीत गेलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, संशय आणि शाबिती यांत अंतर ठेवावे. ज्याच्यावर आळ आहे त्याला आपली बाजू मांडू द्यावी. क्रॉफर्डना ती संधी मिळाली, वकील मिळाले, उलटतपासणी करता आली. गावच्या पारावर आपण माणसाला एका संध्याकाळीत चोर ठरवतो. उद्या तो निर्दोष निघाला तर त्याची गेलेली अब्रू कोणता पंच परत आणून देणार?

तिसरी गोष्ट, साक्षीदाराला शब्द देण्याआधी आपल्याला तो पाळता येईल काय, याचा विचार करावा, आणि मग काही झाले तरी तो पाळावा. शक्य असेल तर लिहून द्यावा. तोंडी शब्द देणारा माणूस बदलून जातो, निवडणुकीत पडतो, विसरतो.

या तिसऱ्या गोष्टीचा निकाल आपल्या कायद्यालाही अनेकदा करावा लागला आहे. स्वातंत्र्यानंतर १९८८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधाचा नवा कायदा झाला. त्यात लाच दिल्याचे कबूल करणाऱ्या साक्षीदारावर त्या कबुलीवरून खटला होऊ नये, अशी तरतूद होती. २०१८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ते कलम गेले. लाच देणारा आता सरळ गुन्हेगार ठरतो. पण ज्याला लाच देणे भाग पाडले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर तो सुटतो. जरा विचार करून पाहा. दडपणाखाली देणारा आणि आपखुशीने देणारा, असे हे दोन गट १८८९ साली पुण्याच्या मामलेदारांचे केले होते, तेच आहेत. फरक असा की, आता नियम आधी सांगितलेला आहे. सात दिवसांची मुदत माहीत असणे हा शेतकऱ्याच्या हातातला हक्क आहे. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, ही एक गोष्ट आपल्या वर्गात आणि गावाच्या सभेत जरूर सांगा. पुष्कळांना ती ठाऊक नसते, आणि मुदत टळून गेल्यावर ठाऊक होऊन उपयोग नसतो.

जाता जाता त्या दोन मंडयांकडे पुन्हा एकदा वळू. आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटाला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटाचेही तसेच झाले. आज कागदोपत्री ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. ज्या दोन साहेबांच्या झगड्यात शेतकऱ्याला कोणी विचारले नाही, त्या दोघांच्याही नावांच्या जागी शेतकऱ्याची कड घेणाऱ्या माणसाचे नाव बसले. हे कोणी ठरवून केले असे नाही. पण पुढच्या वेळी भाजी घेऊन मंडईत गेलात, आणि तोलाईवाल्याने पावती द्यायला टाळाटाळ केली, तर ही हकिकत आठवा आणि पावती मागून घ्या. ती जपून ठेवा. कधी चौकशी निघालीच, तर कचेरीतल्या शंभर कागदांपेक्षा तुमच्या घरातला तो एक कागद उपयोगी पडेल.